पेशीच्या घरात चोर शिरला, मग घंटा का वाजत नाही?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. शाळेत शिकलो ते एवढंच, की शरीरात काही घुसलं की पांढऱ्या पेशी धावून जातात, गिळतात, विषय संपला. पण काही परजीवी थेट पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतात. मलेरियाचा प्लास्मोडियम, टॉक्सोप्लाझ्मा, काळ्या आजाराचा लेश्मानिया, चागास रोगाचा ट्रायपॅनोसोमा. हे काही विषाणूंसारखे चिमुकले नव्हेत. स्वतःचं केंद्रक, स्वतःचा सगळा संसार असलेले धडधाकट जीव. एवढं धूड आत शिरतं आणि पेशीला पत्ता लागत नाही?

शिवाय पेशीत मोठा बिघाड झाला तर तिने स्वतःला संपवावं, अशी सोय तिच्यातच असते म्हणतात. मग ती इथे का वापरली जात नाही?

उत्तर शोधताना सगळीकडे एकच वाक्य भेटतं, 'परजीवी यजमान पेशीचं संदेशवहन बदलतो'. शब्द कळले, अर्थ नाही. बदलतो म्हणजे काय करतो? तार कापतो, की खोटा निरोप धाडतो? कुणीतरी उलगडून सांगा.

टवाळ

आयत्या बिळावर नागोबा. प्रश्न सुटला, धागा बंद करा. :)

पेट्रीडिश

टवाळांकडे दुर्लक्ष करून लिहिते. पूर्वी काही वर्षं याच विषयाच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी संदेशवहन म्हणजे काय ते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ग्राही प्रथिनं असतात. बाहेरून निरोप आला, समजा इंटरफेरॉन गॅमा (लागण झाली की प्रतिकाराच्या पेशी सोडतात तो धोक्याचा निरोप) येऊन चिकटला, की आतल्या बाजूला कायनेज नावाची विकरं जागी होतात. कायनेजचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावणं. टिळा लागला की त्या प्रथिनाचा आकार किंवा वागणूक बदलते, ते पुढच्याला टिळा लावतं किंवा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. इंटरफेरॉनच्या बाबतीत हा टिळा स्टॅट-१ नावाच्या प्रथिनाला लागतो. टिळा लागलेले दोन स्टॅट-१ जोडीने केंद्रकात जातात आणि संरक्षणाची शेकडो जनुकं उघडतात. टिळा पुसणारी विकरंही असतात, त्यांना फॉस्फॅटेज म्हणतात. लावणारे आणि पुसणारे यांच्यातली ही कायमची ओढाताण म्हणजेच संदेशवहन.

आता लेश्मानिया काय करतो पाहा. त्याच्या अंगावर जीपी-६३ नावाचं, प्रथिनं कापणारं विकर असतं. ते महाभक्षी पेशीच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) आत पोचतं आणि पेशीच्याच 'पुसणाऱ्यां'ना, एसएचपी-१ वगैरेंना, असं छाटतं की ते जास्तच जोमाने पुसायला लागतात. बाहेर इंटरफेरॉन घसा फोडून ओरडतोय, आत टिळा लागतोय आणि लगेच पुसला जातोय. निरोप केंद्रकापर्यंत पोचतच नाही. तार शाबूत आहे, पाटी कोरी.

कोडवाला

जबरदस्त प्रतिसाद! म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर चोराने स्वतःचा प्रोग्रॅम आणलाच नाही, सिस्टीममधलीच डिलीटची कमांड लूपमध्ये टाकून दिली. हॅकिंगच की हे.

शंकेखोर

'हॅकिंग' शब्दावर माझा आक्षेप नोंदवून घ्या. हॅकरला काय करायचंय ते माहीत असतं. इथे कुणाला काही माहीत नाही. कापणारं विकर होतं, कापता कापता ज्याचा फायदा झाला तो टिकला, बाकीचे संपले. आपण उगाच त्या एकपेशीय जीवाला कारस्थानी ठरवतो आणि मग त्याच्या प्रत्येक प्रथिनामागे 'हेतू' शोधत बसतो.

कोडवाला

@शंकेखोर, हेतू नसलेलं कोड मीही रोज लिहितो. चालतं ते टिकतं. :)

पेट्रीडिश

शंकेखोरांचा मुद्दा बरोबर आहे, पण दर वाक्यात 'उत्क्रांतीच्या ओघात' लिहीत बसले तर प्रतिसाद पुरा व्हायचा नाही. 'करतो' असंच लिहिते, समजून घ्या.

टॉक्सोप्लाझ्माचं प्रकरण जास्त रंगतदार आहे. त्याच्या टोकाशी गदेच्या आकाराच्या पिशव्या असतात, ऱ्हॉप्ट्री म्हणतात त्यांना. पेशीला चिकटल्या चिकटल्या, पुरता आत शिरण्याआधीच, तो या पिशव्यांतला माल पेशीत टोचतो. त्यातलं रॉप-१६ हे स्वतःच एक कायनेज आहे. ते तडक यजमानाच्या केंद्रकाकडे जातं आणि स्टॅट-३ व स्टॅट-६ यांना टिळा लावतं. हे टिळे एरवी बाहेरून विशिष्ट निरोप आला तरच लागतात, आणि त्यांचा अर्थ साधारण 'शांत व्हा, दाह आवरा' असा असतो. उंबरठा, तुम्ही विचारलं होतं ना खोटा निरोप धाडतो का? धाडतो. निरोप आलेलाच नसताना निरोप आल्याची खूण उमटवतो.

आत शिरल्यावर तो स्वतःभोवती पडद्याची पोकळी करून राहतो. त्या पोकळीतूनही प्रथिनं बाहेर सोडणं चालूच असतं. त्यातलं आयएसटी नावाचं प्रथिन २०१६ मध्ये उजेडात आलं. ते केंद्रकात जाऊन थेट स्टॅट-१ ला धरतं आणि जनुकं मिटवून ठेवणारी पेशीचीच यंत्रणा तिथे आणून बसवतं. गंमत बघा, इथे टिळा लागतो, स्टॅट-१ केंद्रकात जातो, डीएनएवर आपल्या जागी बसतोसुद्धा. पण जनुक उघडत नाही. किल्ली कुलपात आहे, फिरतही असेल, दाराला आतून कुणीतरी पाठ लावून बसलंय.

अर्धविराम

मस्त चाललाय धागा. फक्त चित्र अर्धं आहे असं वाटतं. टॉक्सोप्लाझ्मा नुसता गप्प करत नाही, काही घंटा स्वतः वाजवतो. त्याचं ग्रा-१५ हे प्रथिन एनएफ-कप्पा-बी हा मार्ग चालू करतं, आणि तो तर दाह पेटवण्याचा हमरस्ता! ग्रा-२४ नावाचं आणखी एक प्रथिन पी-३८ या कायनेजला धरून बसतं आणि ते बराच वेळ चालूच राहतं. त्यानेही दाहच वाढतो. यजमानाला गप्प बसवणं हाच उद्योग असेल तर हे कशासाठी?

टवाळ

चोराच्या उलट्या बोंबा.

अर्धविराम

@टवाळ, या वेळी तुमची म्हण चपखल बसली हो.

एक कयास असा की यजमान फार लवकर मेला तर परजीवीचंही नुकसान. मेंदूत आणि स्नायूंत गाठी करून वर्षानुवर्षं पडून राहायचं असेल तर सुरुवातीचा धुमाकूळ आवरता हवा. थोडी घंटा वाजली की प्रतिकार जागा होतो, परजीवींची संख्या आटोक्यात राहते, यजमान जगतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.

शंकेखोर

पुन्हा तेच, हेतू चिकटवणं. कयास सुंदर आहे, पण एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळ्या टॉक्सोप्लाझ्मात सारखं नसतं. त्याचे मुख्य तीन प्रकार धरतात. ग्रा-१५ ची घंटा जोरात वाजते ती दुसऱ्या प्रकारात. रॉप-१६ चा टिळा पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात लागतो, दुसऱ्यात ते कायनेज जवळपास निकामी. का? एका अमायनो आम्लाचा फरक. म्हणजे 'टॉक्सोप्लाझ्मा असं करतो' हे वाक्यच ढोबळ. कुठला टॉक्सोप्लाझ्मा ते आधी सांगा.

आणि दुसरं. यातले बरेच प्रयोग उंदरांवर किंवा उंदरांच्या पेशींवर झालेत. त्याच्या रॉप-१८ या गाजलेल्या कायनेजचं खरं सावज म्हणजे उंदरांच्या पेशीतली आयआरजी नावाची, परजीवीची पोकळी फोडणारी प्रथिनं. उंदरात ती वीसाहून जास्त, माणसात नावापुरती एकदोन. हत्यार उंदरासाठी घडलंय, माणूस मध्येच सापडला. या परजीवीचं जीवनचक्र पुरं होतं ते मांजरात, आणि आपल्या शरीरातून त्याला मांजरापर्यंत जायला वाटही नाही.

मांजरवेडी

मांजराचा विषय निघालाच आहे तर विचारून घेते. माझ्याकडे दोन आहेत. परजीवी मेंदूत बसतो आणि माणसाचा स्वभाव बदलतो, आपण मांजरांवर प्रेम करतो ते त्याच्यामुळेच, असं मला एका जावेने ऐकवलंय. खरं आहे का?

टवाळ

जाऊबाईंच्या मेंदूत कोण बसलंय ते आधी तपासा.

जुना_वैद्य

मांजरवेडी ताई, लागण झालेल्या उंदराची मांजराच्या वासाची भीती कमी होते, हे प्रयोगांत दिसलंय. माणसाच्या स्वभावाबद्दलचे दावे मात्र बरेचसे सांख्यिकी संबंधांवर उभे आहेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मांजरावर प्रेम करायला परजीवी लागत नाही.

कामाची गोष्ट सांगतो. मांजराच्या विष्ठेतून पडणारी परजीवीची अंडीवजा रूपं लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावं. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही लागण होतेच, सगळा दोष मांजराच्या माथी नको. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांच्यात मेंदूतल्या जुन्या गाठी पुन्हा उठतात. अशा प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलावं, धाग्यावरच्या निवृत्त म्हाताऱ्याशी नव्हे.

मांजरवेडी

आभार, वैद्यकाका. जावेला लिंक पाठवली आहे.

दिवसाआड

नावावरून कळलंच असेल, मला मलेरिया होऊन गेलाय. प्लास्मोडियमच्या व्हायवॅक्स जातीचा. एक दिवस हुडहुडी, दात वाजतायत, तीन पांघरुणं, मग घामाच्या धारा. दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं असं बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा वाटायचं शरीर लढतंय. पण हा धागा वाचून प्रश्न पडला, मधल्या बऱ्या दिवशी तो परजीवी कुठे होता, आणि माझ्या पेशी काय झोपल्या होत्या?

पेट्रीडिश

तो तुमच्या तांबड्या पेशींतच होता, वाढत होता. साधारण ४८ तासांनी पेशी एकदमच फुटतात, आतला कचरा रक्तात सांडतो आणि त्याने थंडीताप भरतो. तुमच्या बाबतीत घंटा वाजत होती ती चोर आत शिरताना नव्हे, घर मोडून बाहेर पडताना.

आणि तांबडी पेशी झोपलेली नसते, पण तिच्याकडे केंद्रकच नाही. जनुकं नाहीत, म्हणजे उघडण्यासारखं, मिटण्यासारखं काहीच नाही. रॉप-१६ सारखी करामत तिथे कुणावर करणार? रिकामं घर.

अर्धविराम

रिकामं नाही हो! केंद्रक नसलं तरी कायनेज आणि त्यांचे मार्ग तांबड्या पेशीत आहेतच. फाल्सिपेरम ही प्लास्मोडियमची दुसरी, जास्त घातक जात तर स्वतःची कायनेज पेशीत सोडते. एफआयकेके नावाच्या या कुटुंबात फाल्सिपेरमकडे वीसेक जण आहेत, इतर बहुतेक प्लास्मोडियमांकडे एखादाच. त्यातलं एक तांबड्या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनांना टिळे लावतं आणि लवचीक पेशी ताठर होते. शिवाय तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे उठतात, त्यांवर चिकट प्रथिन येतं आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. प्लीहेत गेली तर गाळली जाईल, म्हणून जायचंच नाही. मेंदूच्या बारीक वाहिन्यांत हे झालं तर काय होतं ते वैद्यकाका सांगतील.

जुना_वैद्य

ते पाहिलंय, लिहिणार नाही. ताप आला की रक्त तपासा, एवढंच.

पेट्रीडिश

@अर्धविराम, मान्य. घाईत लिहिलं. आणि चुकायला नको होतं, कारण मी स्वतः फाल्सिपेरम वाढवलाय. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी तो माणसाच्या तांबड्या पेशींत सतत वाढवण्याची रीत बसवली. तिची जुनी आवृत्ती सांगितली तर लोक हसतात. काचेच्या बंद भांड्यात बशा ठेवायच्या, एक मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. मेणबत्ती प्राणवायू खाऊन विझली की आतली हवा परजीवीला मानवते. आमच्याकडे तयार वायूचे सिलिंडर होते, पण एकदा पुरवठा अडला तेव्हा आमच्या वरिष्ठांनी खरंच खणातून मेणबत्ती काढली होती. आठवडाभर संशोधन कमी आणि आरास जास्त वाटत होती.

टवाळ

मेणबत्ती विझवून ज्याचा वाढदिवस होतो असा एकमेव जीव.

कोडवाला

हसून हसून पुरेवाट. पण मलेरिया आधी यकृतात जातो ना? तिथे तर केंद्रकवाल्या पेशी आहेत.

पेट्रीडिश

जातो. डासाने सोडलेला एक परजीवी यकृताच्या एका पेशीत शिरतो आणि आठवडाभरात त्याचे हजारो होतात. पेशी फुगून टम्म होते, आणि माणसाला ताप नाही की दुखणं नाही. त्या काळात पेशीतलं पी-५३ हे प्रथिन घटलेलं आढळतं. पी-५३ म्हणजे बिघडलेल्या पेशीला 'आता पुरे' सांगणारा. औषधाने पी-५३ वाढवलं की यकृतातले परजीवी कमी होतात, असं प्रयोगांत दिसलंय. उंबरठांच्या आत्महत्येच्या प्रश्नाचा एक धागा इथे आहे.

सुतारपक्षी

वाचनमात्र होतो, पण ट्रायपॅनोसोमा क्रूझीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. हा आत शिरतो कसा? पेशीच्या पडद्याला इजा करतो. भोक पडलं की कॅल्शियम आत धावतं. पेशीसाठी हा 'भिंत फुटली, डागडुजी करा' असा निरोप. मग आतले लायसोसोम (पेशीतल्या पाचक रसाच्या पिशव्या) पडद्याकडे धावतात, फुटलेला भाग आत ओढून घेतला जातो आणि त्याच्याबरोबर परजीवीही अलगद आत. दार फोडायचं आणि दुरुस्तीला आलेल्या सुताराच्या खांद्यावर बसून घरात यायचं. इथे त्याने ना निरोप अडवला ना खोटा दिला. अगदी खरा निरोप निर्माण केला.

शंकेखोर

या धाग्यावरचं हे मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण. इथे 'पेशी फसली' असंही म्हणता येत नाही. तिने केलं ते बरोबरच केलं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. पण एकेक उत्तर वाचताना मूळ प्रश्न निसटतोय. पेशीला कळतं की नाही? आणि ती स्वतःला का संपवत नाही?

पेट्रीडिश

कळतं. आणि संपवतेही. आपल्याला फक्त न संपलेल्या दिसतात.

माणसाच्या महाभक्षी पेशीला इंटरफेरॉन गॅमाचा निरोप आधीच मिळालेला असेल, तर जीबीपी-१ नावाचं प्रथिन टॉक्सोप्लाझ्माची पोकळी आणि परजीवी फोडायला मदत करतं. आतला माल बाहेर आला की पेशी ओळखते आणि ठरल्या पद्धतीने मरते. दुसरा उपाय १९८४ मध्ये फेफरकॉर्न यांनी माणसाच्या त्वचेकडच्या पेशींत दाखवला, इंटरफेरॉन मिळालेली पेशी स्वतःतलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमायनो आम्ल मोडून टाकते. टॉक्सोप्लाझ्माला ते स्वतः बनवता येत नाही, तो उपाशी पडतो. चोराला मारायचं नाही, कोठार जाळायचं.

सगळी मेख 'आधी' या शब्दात आहे. इंटरफेरॉन आधी पोचला तर ही हत्यारं तयार असतात. परजीवी आधी पोचला तर आयएसटी स्टॅट-१ वर बसलेलं असतं आणि नंतर कितीही इंटरफेरॉन ओता, त्या पेशीत जनुकं उघडत नाहीत. प्रयोगशाळेत हे अगदी साधेपणाने दिसायचं. इंटरफेरॉन एक दिवस आधी घातलेल्या बशीत परजीवी तुरळक. लागण झाल्यावर घातलेल्या बशीत दोनाचे चार, चाराचे आठ, फुलासारखे गोल करून मजेत बसलेले. त्याच पेशी, तेच औषध, तेवढाच डोस. सुरुवातीला मला वाटलं बशांवरची नावं माझ्याकडून उलटी लिहिली गेली.

मरण टाळायलाही त्याच्याकडे आणखी एक प्रथिन आहे, एनएसएम. ते आयएसटीच्या जोडीने पेशीच्या दुसऱ्या एका मरणवाटेला, नेक्रॉप्टोसिसला, अडसर घालतं.

टवाळ

इंटरफेरॉन म्हणजे वरातीमागून घोडं.

पेट्रीडिश

त्या एका पेशीपुरतं, हो. शेजारच्या पेशींसाठी तेच घोडं वेळेवर आलेलं असतं, म्हणून तर बहुतेक माणसांना लागण होऊनही आजार जाणवत नाही.

कोडवाला

मग औषध परजीवीवर कशाला, पेशीच्या मार्गावरच द्या की. परजीवी बदलून औषधाला दाद देईनासा होतो, आपली पेशी कुठे बदलतेय?

जुना_वैद्य

कल्पना नवी नाही, आणि अगदी हवेतलीही नाही. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब तांबड्या पेशीतल्या एका कायनेजला अडवतं. त्यामुळे मलेरियाचा परजीवी पेशी फोडून बाहेर पडू शकत नाही. नेहमीच्या औषधांच्या जोडीने ते देऊन व्हिएतनाममध्ये रुग्णांवर एक लहान चाचणी झाली, आणि परजीवी रक्तातून लवकर हटले. पण तो मार्ग आपलाही आहे, हे विसरू नका. ज्या मार्गाने परजीवीचं फावतं त्याच मार्गाने शरीराची दहा कामं चालतात. तांबड्या पेशीत सोयीचं जातं, यकृतात किंवा मेंदूत तेच करायला मी तरी कचरेन.

शंकेखोर

सहमत. चक्क.

अर्धविराम

तारीख नोंदवून ठेवा कुणीतरी.

उंबरठा

आता बराच उलगडा झाला. एक उपप्रश्न राहिलाच. वर लिहिलंय की टॉक्सोप्लाझ्मा पुरता शिरण्याआधीच माल टोचतो. मग टोचला आणि शिरलाच नाही, असं होतं का?

पेट्रीडिश

होतं, आणि सर्रास होतं. २०१२ मध्ये उंदरांच्या मेंदूत पाहिलं तेव्हा टोचलेल्या पण आत परजीवी नसलेल्या पेशी लागण झालेल्यांपेक्षा जास्त निघाल्या, त्यात चेतापेशीही. काही टोचून सोडलेल्या असतील, काहींनी शिरलेल्याला आतच मारलं असेल. त्या पेशी पुढे काय करतात यावर अजून काम चालू आहे.

टवाळ

चोर सोडून संन्याशाला सुई.

मांजरवेडी

जावेचं उत्तर आलं. म्हणते, "एवढं लांब कोण वाचणार, दोन ओळींत सांग."